आर्डिथचा शिंगवाला ससा

शिंगवाला ससा, म्हणजे जॅकलोप, खोटा आहे, असं आमच्या डग्लस गावात परक्या माणसासमोर कुणी बोलत नाही. आर्डिथ केसलर तर मुळीच नाही. महामार्गावरच्या तिच्या दुकानात कुणी विचारलं, "आजी, जॅकलोप खरंच असतो?" की चेहऱ्यावरची रेघ न हलवता ती सांगायची, "असतो की. माणसाच्या आवाजाची नक्कल करतो. परवा मलाच हाक मारली मेल्याने."

दुकानात विकायला ती कापडाचे जॅकलोप शिवायची. डाव्या कानामागे दोन टाके उलटे घालायची तिची जुनी सवय. त्यातला एक प्रवाशांच्या खेळात गेला. गळ्यात चिठ्ठी होती: फोटो काढून दुकानाला पाठवा, ससा पुढच्या प्रवाशाला द्या, ठेवून घेऊ नका. फोटो येत, ती भिंतीवर लावी. शेजारचा पेट्रोलपंपवाला रॉय चिडवायचा, "काय गं, ससा समुद्र बघून आला, तू अजून जवळच्या कॅस्पर गावापुढे गेली नाहीस!"

"माझी शिंगं दाराला अडकतात रे."

तिची एकुलती एक मुलगी जनीन पोर्टलंडला बेकरी चालवते. तिच्या लग्नाला आर्डिथ हट्टाने गेली नाही. तेव्हापासून मायलेकींचं बोलणं बंद आहे.

यंदा ससा फिरत फिरत परत डग्लसला आला. पोर्टलंडला निघालेल्या एका जोडप्याच्या हाती आर्डिथने तो दिला, बेकरीचा पत्ताही दिला. चर्चमध्ये माझ्याशेजारी बसून हळूच म्हणाली, "कानामागचे टाके बघून ओळखेल ती. ठेवून घेईल बघ. मग फोन तरी करील."

मी रोज तिच्यासाठी प्रार्थना करत होते.

परतताना ते जोडपं दुकानात थांबलं. बाई कौतुकाने सांगू लागली, "गोड मुलगी हो! सशाचा कान उलटून किती वेळ बघत राहिली. बोलली काहीच नाही. मग अलास्काला निघालेलं एक गिऱ्हाईक होतं, त्याच्या पिशवीत घातला. म्हणाली, चिठ्ठीत लिहिलंय ना, ठेवून घेऊ नका."

रॉयने टाळ्या वाजवल्या. "अलास्का! आर्डिथ, आता पार्टी पाहिजे!"

आर्डिथ हसली. सगळे गेल्यावर मी म्हटलं, "अगं, नसेल ओळखलं तिने."

"ओळखलं," ती म्हणाली. "नसतं ओळखलं, तर कोणी शिवला एवढं तरी विचारलं असतं."

आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळली.