मॅडम, आम्हाला कुठली टेस्ट?

आमच्या लॅबमधून वापरलेल्या सुया, बोळे, हातमोजे रोज पिशवीत बांधून जातात. किस्से मात्र कोणी नेत नाही, ते साचतच राहतात! त्यातून तो कोरोनाचा काळ. कसबा पेठेतल्या त्या लॅबच्या काउंटरवर मी, आत पॅथॉलॉजिस्ट मॅडम आणि नाकातून स्वॅब घेणाऱ्या कांबळेबाई. झटपट कळणारी अँटिजेन आणि दुसऱ्या दिवशी कळणारी आरटीपीसीआर, यातली कोणाला कुठली, यावरून रोज सभा!

*

एक निवृत्त मास्तर आले. मॅडमनी समजावलं, "अँटिजेन पॉझिटिव्ह आली तर मानायची. निगेटिव्ह आली आणि ताप असला, तर आरटीपीसीआर करून खात्री करायची."

"म्हणजे आमच्या शेजाऱ्यांसारखी," मास्तर म्हणाले. "वाईट बातमी दिली तरच खरी!"

*

हिंजवडीतला एक सॉफ्टवेअरवाला. घसा कालच धरलेला, आणि याला हवी रक्तातली अँटिबॉडी टेस्ट. का? तर टीममध्ये सगळ्यांनी केली!

मॅडम म्हणाल्या, "ती होऊन गेलेला आजार सांगते. तुम्हाला इतिहास हवाय की बातमी?"

"दोन्हीचा कॉम्बो आहे का?"

*

बुधवार पेठेतले एक टीव्हीचे दुकानदार. रिपोर्ट निगेटिव्ह आला तसे खूश. "याची गॅरंटी किती दिवस?"

कांबळेबाई म्हणाल्या, "जिना उतरेपर्यंत."

*

मग एकदा कांबळेबाईंनाच खोकला झाला. अर्ध्या पेठेच्या नाकात काडी घातलेली ही बाई, मॅडमच्या हातात काडी बघताच खुर्चीसकट मागे सरकली!

"मॅडम, रक्तातली नाही का चालणार?"

"चालेल की. आधी बऱ्या व्हा, मग करू!"

*

आणि एक काका-काकू. काकांना शुगर, त्यात ताप उतरेना. दोघांची अँटिजेन केली. काका पॉझिटिव्ह, काकू निगेटिव्ह. मॅडमनी लगेच हॉस्पिटलला फोन करून अँब्युलन्स मागवली. काका कुरकुरत जिना उतरले आणि तिच्यात जाऊन बसले.

वर काकू मॅडमसमोर उभ्या. "माझं निगेटिव्ह पक्कं ना?"

"अगदी पक्कं नाही म्हणता येणार. आरटीपीसीआरसाठी स्वॅब घेतलाय, उद्या कळेल."

"पक्कं नाही ना? मग उद्यापर्यंत मला पॉझिटिव्हच धरा, आणि ह्यांच्याबरोबर जाऊ द्या!"

"काकू, असं धरता येत नाही हो," मॅडम अगदी हळू म्हणाल्या.

तेवढ्यात खालून काकांची हाक आली, "अगं, माझा चष्मा तुझ्या पर्समध्ये आहे! दे पाठवून!"

काकूंनी पर्स पोटाशी घट्ट धरली, खिडकीशी गेल्या आणि ओरडून म्हणाल्या,

"सापडत नाहीये!"