रुखमाबाईंच्या पानावरची पट्टी

सिंदेवाहीत मन्सूरभाईंचा छापखाना लग्नपत्रिकांसाठी ओळखला जाई. २००६ साली त्यांची मुलगी नाहीद तिथेच एका कोपऱ्यात संगणक मांडून वेबसाइट बनवू लागली. पहिलं मोठं काम मिळालं ते धानाचं बियाणं विकणाऱ्या शेतकरी गटाचं. प्रत्येक शेतकऱ्याचं एक पान, त्यावर फोटो, वाणाची माहिती आणि तळाशी त्याच्या नावाची ‘बियाणं मागवा’ ही पट्टी. ती दाबली की मागणी त्या शेतकऱ्याच्या मेलवर जायची. मेल नाहीदच उघडायची आणि गावी निरोप धाडायची.

उन्हाळा सरत आला. गटप्रमुख लटारूभाऊंचं बियाणं संपलं, तरी त्यांना मागण्या येतच होत्या. बाकीच्यांचं ओळखीपाळखीत खपलं, पण रुखमाबाईंचं एक पोतंही हललं नव्हतं. पऱ्हे टाकायचे, म्हणजे रोपांसाठी धान पेरायचे दिवस तोंडावर आले होते. ते उलटले की निवडून ठेवलेलं बियाणं भरडून तांदळाच्या भावात विकावं लागलं असतं.

रुखमाबाई तणतणत छापखान्यात आल्या. “नाहीद, माह्या धानाले काऊन कोणी पुसत नाई वो? माहा फोटू पाहून पळते का लोक?”

“बसा बाई, पाहू.”

नाहीदने त्यांच्या पानावरची पट्टी दाबली. मागणीचा कोरा मेल उघडला, पण त्यावर पत्ता लटारूभाऊंचा. पट्टी आधी त्यांच्या पानासाठी केली होती, मग सगळीकडे चिकटवली. छापखान्यात वाढलेल्या मुलीने प्रूफ वाचावं तशी दिसणारी नावं बदलली, तपासली. नावामागची लिंक प्रूफात दिसत नाही; ती लटारूभाऊंचीच राहिली.

“चूक माही हाय, बाई.”

“पत्रिकेवर नवरा बदलला, अन् वरात जुन्याच्याच दारी!” मन्सूरभाई हसले.

नाहीदने सगळ्या पट्ट्या काढल्या. एकच पट्टी वेगळ्या फाईलमध्ये ठेवली, नाव आणि लिंकच्या जागा मोकळ्या सोडून. आता प्रत्येक पान ती पट्टी बोलावून आपलं नाव, आपला पत्ता त्यात भरू लागलं. मग तिने लटारूभाऊंना फोन लावला.

“मी म्हणतच होतो, एवढे लोक मले कवापासून ओळखाले लागले!” ते म्हणाले. “माह्याकडं माल नाई. दे त्या मागण्या बाईले.”

नाहीदने मागणी करणाऱ्यांना रुखमाबाईंच्या बियाण्याबद्दल कळवलं. मुलचेऱ्याच्या एका शेतकऱ्याने लगेच होकार कळवला. पोती एसटीच्या टपावर चढली. एक पोतं रुखमाबाईंनी मागे ठेवलं. ते त्यांच्या स्वतःच्या बांधीसाठी, धानाच्या शेतासाठी होतं.