दोर लागलेलं लाकूड

माझी लेक वैनगंगेनं दिली, असं गावात सारे म्हणतात. मला तसं म्हणवत नाही. नदीनं बदल्यात काय घेतलं ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

सकाळीच कळा सुरू झाल्या. मूल आडवं आहे, इथं जमायचं नाही, दवाखान्यात न्या, असं दाईनं सांगून टाकलं. पुरानं रस्ता बंद, नवरा गोंदियाला राइस मिलमध्ये अडकलेला. मग मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, नदीपल्याडच्या दवाखान्यात न्यायला डोंगा ठरवला. डोंगेवाला तयारच होत नव्हता. मुळासकट उपटलेली झाडं नदीभर गरगरत येत होती; एखादं बसलं असतं तर डोंग्याचा भुगाच.

आमच्याकडे पुरातलं लाकूड ज्यानं आधी दोर टाकला त्याचं. मामाजींचा हात त्यात बसलेला. अंबाडीचा दोर ते स्वतः वळायचे, टोकाला लाल चिंधी बांधायचे. आमचा गोठा अशाच लाकडांवर उभा आहे. त्या दिवशीही दोर खांद्यावर होताच. पल्याडचा काठ दिसू लागला आणि बाजूनं एक सरळसोट सागवान आलं. डोक्याला न विचारता हातानं फास टाकला. काठावर असताना दुसरं टोक झाडाला बांधायचे, तसं त्यांनी डोंग्याला बांधलं.

"घराचं आढं आलं, पोरी," म्हणाले.

असा संताप आला मला! इथं माझा जीव चाललाय आणि या माणसाला आढं सुचतंय.

तेवढ्यात डोंगा बुडालेल्या बाभळीत अडकला. लाकूड पुढं ओढत होतं, दोर ताणलेला, ओली गाठ सुटेना. डोंगा कलून पाणी आत यायला लागलं. मामाजींनी एकदा माझ्या पोटाकडे पाहिलं आणि उडी घेतली. एका हातानं बाभळीची फांदी धरली, दुसऱ्यानं दोर सारा जोर लावून आपल्याकडे ओढला. गाठ सैल पडली.

"सोड आता," ते डोंगेवाल्याला म्हणाले.

त्यानं गाठ सोडली. आम्ही सुटलो. लाकूड मामाजींना दोरासकट घेऊन गेलं.

लेक दुपारी झाली. मामाजी सापडलेच नाहीत.

पूर उतरल्यावर खालच्या गावाहून निरोप आला. वाळूत सागवान रुतलंय, लाल चिंधीचा दोर आहे, तुमचंच आहे, आम्ही हात लावला नाही. नवऱ्यानं ते गाडीवर घालून आणलं. कितीतरी दिवस मी त्या लाकडाकडे पाहिलं नाही.

यंदा घर बांधलं. आढं त्याच लाकडाचं. वर चढवण्याआधी सुतार दोर कापायला निघाला, तेव्हा मी त्याचा हात धरला.

"राहू द्या. ज्यायनं टाकला, तेच काढतीन."