पुढच्या चाकांवरचं वजन

अण्णा गेल्याचा निरोप मैलूरला माझ्या घरी आला तेव्हा मी शाळेत शिकवायला निघाले होते. झोपेतच गेले, म्हणाले. ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं, तर... उतारावर नाही ना? महिना झाला, पण ती धास्ती अजून जात नाही.

माझ्या या थोरल्या भावाचं बीदरजवळ नौबादला गॅरेज होतं. आपल्या कर्नाटकाला म्हैसूर राज्य म्हणायचे तेव्हाची गोष्ट. जुन्या फियाटच्या सामानातून त्यानं दोन माणसांची बुटकी गाडी बनवली आणि इंजिन सीटच्या पाठीमागं, मधोमध बसवलं. रेसच्या गाड्यांचं असंच असतं म्हणे. वेगाला ब्रेक पुरेनात म्हणून पुढं मोठ्या गाडीचे ब्रेक चढवले, आणि तिथंच घात झाला. पुढचा भाग आधीच हलका. ब्रेक दाबला की पुढची चाकं जाम व्हायची आणि स्टेअरिंग कितीही फिरवा, गाडी नाकासमोर घसरायची. बीदरच्या पठारावरून खाली उतरताना एकदा ती वळलीच नाही. कडेच्या दगडाला अडकली म्हणून अण्णा वाचला.

दुसऱ्या दिवशी स्वारी माझ्या दारात. "सुमन, चल. तू बसलीस की पुढची चाकं दबतेत."

"मी काय ज्वारीचं पोतं हाय? कामून मराया निघालास?"

"मग एकलाच जातो."

हा डाव त्याला नेमका ठाऊक होता. एकटा गेला तर गाडी हलकी, हलकी म्हणजे घसरणार... म्हणून मी बसायची. वर्षानुवर्षं, रविवार आला की. उतार लागला की मी पदर तोंडात कोंबायची. शेजारी त्याचा गुडघा थरथरायचा. मला वाटायचं, इंजिनाचा हादरा. घरी आल्यावर मी त्याला शिव्या घालायची आणि तो नुसता हसायचा.

गेल्या आठवड्यात गॅरेजमधून गाडी हलवायची म्हणून त्याचे वेल्डर दोस्त महबूबभाई आले. त्यांनी पुढचं झाकण उघडलं. आत लोखंडाच्या जाड पट्ट्या बोल्टांनी आवळलेल्या.

"हे वजन कवा घातलं?" मी विचारलं.

"पहलेच साल डाले, आपा. फिर गाडी बराबर मुडती थी."

"मग मला कामून न्यायचा?"

महबूबभाईंनी झाकण परत लावलं. "डरता था. अकेला नहीं उतर सकता था."

मी तिथंच, त्या गाडीत बसले. झोपेतच गेला, असं सगळे म्हणतात. पण मधे जाग आली असेल तर... तो झोपला त्या खोलीत त्याच्या शेजारी कुणीच नव्हतं.