ब्रेक की सप्रेसर

२०१४ साली सिंगापूरमधल्या एका बंदिस्त फायरिंग रेंजवर माझा डावा कान गेला. आखूड नळीच्या रायफलीच्या तोंडाशी मझल ब्रेक लावावा की सप्रेसर, यावर मी एका मासिकासाठी लिहीत होतो. रेंजवरचा प्रशिक्षक मला समजावत होता: सप्रेसरने आवाज दबतो, पण रायफल लांब होते. ब्रेकने खांद्याचा धक्का कमी होतो, पण गोळी सुटतानाचा दणका शेजारच्यावर येतो. त्याचे हे शब्द जसेच्या तसे टिपावेत म्हणून मी कानावरचे आवाज रोखणारे मफ उचलले.

"सर, मफ लावा लाह!" तो सिंगापुरी ढंगात ओरडला. तेवढ्यात शेजारच्या लेनमध्ये ब्रेकवाली रायफल झाडली गेली.

तेव्हापासून त्या कानात बारीक शिट्टी वाजते. बायको त्या बाजूने बोलली, तर नुसते तिचे ओठ हलताना दिसतात. बंदिस्त जागेत सप्रेसरच, असे मी लेखात लिहिले. कानांच्या गेल्या तपासणीत उजव्या कानालाही वरचे सूर ऐकू आले नाहीत.