तीन दांड्या

आमच्या गावात घराला दार असतं, पण दाराला कुलूप नसतं, आणि फाटक तर नसतंच. अंगणाच्या तोंडाशी दोन दगडी खांब, खांबांना भोकं, आणि भोकांतून आडव्या सरकवायच्या तीन दांड्या. तिन्ही काढून ठेवलेल्या असल्या की घरात माणूस आहे, या. एक लावलेली असली की शेजारी गेलंय, येईलच. दोन म्हणजे संध्याकाळपर्यंत. तिन्ही लावलेल्या दिसल्या की घरधनी परगावी. मग त्या घराकडे गल्लीनं बघायचं. डुकराला खायला घालायचं, पाऊस आला तर वाळवण उचलायचं. हे कधी कोणी ठरवलं ते माझ्या सासूलाही माहीत नाही, आणि तिला माहीत नसलेली गोष्ट कोरियाच्या या जेजू बेटावर सहसा सापडत नाही.

उल्सेंग मावशी आमच्या समोर एकटी राहायची. नवरा फार वर्षांपूर्वी गेला, मुलगा समुद्रापलीकडे बुसान शहरात, जहाजांच्या कारखान्यात. मावशीचा धंदा कपडे रंगवण्याचा. ऐन उन्हाळ्यात, आमच्याकडे तो जुलै-ऑगस्टात, पर्सिमनची कच्ची फळं दगडी कुंडीत कुटायची, त्या तुरट रसात कपडे चोळायचे आणि अंगणभर पसरायचे. पहिल्या दिवशी कापड फिकटच दिसतं. रोज पाणी मारून रोज ऊन दाखवत राहिलं की ते हळूहळू भाजक्या भाकरीच्या रंगाचं होत जातं. त्या कपड्यांना घाम चिकटत नाही, काटा लागत नाही. अख्खं गाव मावशीच्या हातचे कपडे घालून शेतात जायचं.

मी नवी सून होते तेव्हा दुपारी सासूची नजर चुकवून मावशीच्या ओसरीवर जाऊन बसायचे. काळ्या दगडांच्या कुंपणातल्या फटींतून वारा आत यायचा. अंगणातली कापडं जराशी वर उचलली जायची, पुन्हा जमिनीला टेकायची. बघता बघता वाटायचं, घरच झोपलंय आणि त्याचा श्वास चाललाय. तिथे बसलं की डोळा लागायचाच. मावशी म्हणायची, "झोप गं. सासूनं विचारलं तर सांगते, फळं कुटतेय म्हणून."

माझ्या सासूचं नाव मानवोल. ती समुद्रात बुडी मारून शंख-शिंपले काढते. पाण्याखाली जेवढा वेळ श्वास कोंडून धरते त्याची भरपाई वर आल्यावर बोलण्यात करते. आम्ही सासू-सून एकाच अंगणात राहतो, पण घरं दोन आणि चुली दोन, म्हणून तर अजून बोलतो आहोत. ती आणि उल्सेंग मावशी लहानपणापासूनच्या मैत्रिणी. एक अखंड बोलणार, दुसरी रस चोळत हुं म्हणणार. दोघींना तेवढं पुरायचं.

चोरी झाली ती वसंतात. समुद्रातलं शेवाळ काढायची बंदी ज्या दिवशी उठते, त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. म्हातारीकोतारीसुद्धा टोपल्या घेऊन किनाऱ्यावर असतात. मावशी वडिलांच्या श्राद्धाला माहेरच्या गावी गेली होती, तिन्ही दांड्या लावून. परत आली तर नवऱ्याच्या श्राद्धाला काढायची पितळी भांडी सगळी गेलेली. शहरात अशा जुन्या भांड्यांना गिऱ्हाईक असतं म्हणे. शिपाई आला, ओसरीवर बसून बार्लीचा चहा प्यायला, "बघू" म्हणाला आणि गेला.

भांडी गेल्याचं मावशीला दुःख झालं, पण ती मोडली ते दुसऱ्याच गोष्टीनं. चोर बूट घालून घरात चढला होता. जिथे नवजात पोराला पहिल्यांदा निजवलं, जिथे नवऱ्याला शेवटचं निजवलं, त्या लाकडी जमिनीवर चिखलाच्या बुटांचे ठसे. मावशीनं ते घासून घासून काढले. आम्हाला काही दिसेना, तिला मात्र दिसत राहिले.

"रोज स्वप्नात तो चालतो," ती मला म्हणाली. "काही घेत नाही. नुसता या खोलीतून त्या खोलीत. आणि मी कोपऱ्यात उभी, पाहुण्यासारखी. कोणाचं घर आहे हे, असं त्यालाच विचारावंसं वाटतं."

तिची झोपच गेली. वाऱ्यानं कुंडीवरचं झाकण हललं तरी उठून बसायची. मुलगा आला, एक भलं मोठं कुलूप घेऊन. सासू म्हणाली, "बैल गेला आणि झोपा केला." मुलालाही त्या कुलपाचा फारसा भरवसा नव्हता. म्हणाला, "आई, असं जागून जागून मरशील. छुसॉकच्या सणाला येतो आणि तुला बुसानला घेऊन जातो. तिसरा मजला आहे, चोर यायचा नाही."

"तिसऱ्या मजल्यावर कपडे कुठे पसरू?"

"कपडे कशाला रंगवायचे आता?"

मावशीला जायचं नव्हतं. पण ज्या घरात डोळा लागत नाही त्याला आपलं घर तरी कसं म्हणायचं? छुसॉक म्हणजे शरदातला सुगीचा सण; तो येईपर्यंत उन्हाळा तेवढा हातात होता.

तेव्हापासून ती दांड्या लावेनाशी झाली. "माझ्या दांड्यांनीच चोराला सांगितलं, या, घर रिकामं आहे," असं तिनं मनाशी धरलं. घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात, तसं. मग ती झऱ्यावर जावो की डोंगराकडच्या गावात फळं आणायला, तिन्ही दांड्या कायम खाली. घरात माणूस आहे, असा सदानकदा देखावा.

आणि माझी सासू तिच्याकडे जाईनाशी झाली. का, विचारलं तर म्हणे गुडघा दुखतो. समुद्रात बुड्या मारताना तो दुखत नव्हता.

ऑगस्टात एका दुपारी आम्ही दोघी लसूण निवडत बसलो होतो. समुद्रावरून धुकं आलं आणि त्याच्यामागून एकदम पाऊस. समोर मावशीच्या अंगणात रस लावलेले ताजे कपडे पसरलेले. मी उठले. सासूनं हात धरला. "दांड्या बघ की. खाली आहेत. ती घरात आहे, उचलेल. तिच्या हाताखालचं काम आपण ओढलं तर राग येतो तिला." आम्ही बसून राहिलो. पावसात सगळं अंगण पुसट झालं, कापडं त्यात बुडाल्यासारखी दिसत होती, आणि मला उगीच वाटलं की मावशी आत शांत झोपली असेल, बरंच झालं.

ती झोपलेली नव्हती. फळांची टोपली पाठीवर घेऊन ती खालच्या रस्त्यानं निथळत आली आणि अंगणात उभी राहिली. रस वाहून गेला होता. प्रत्येक कापडावर डागच डाग. आम्ही धावत गेलो.

"तुमच्या डोळ्यांदेखत भिजलं?" मावशी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त लागला.

"दांड्या खाली होत्या," सासू म्हणाली. "आम्हाला काय स्वप्न पडणार? तू घरात आहेस म्हणालीस, आम्ही मानलं."

"आणि वसंतात तिन्ही वर होत्या. तेव्हा कुठे होतीस?"

माझी सासू गप्प झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. ती तिथेच पावसात खाली बसली.

"शेवाळ काढत होते," ती म्हणाली. "सकाळी निघताना बघितल्या तुझ्या दांड्या. तिन्ही वर. मनात आलं, कोणीतरी थांबायला हवं. मग म्हटलं, एक दिवसानं काय होतंय, कोण येतंय इथे. घर तू माझ्या हवाली करून गेली होतीस, उल्सेंग. मी पाठ फिरवली. कुठल्या तोंडानं येऊ तुझ्याकडे?"

"म्हणून आली नाहीस इतके दिवस?"

"मग काय गुडघ्यासाठी?"

मावशीनं एक डागाळलेलं कापड उचलून पिळलं. मग म्हणाली, "मला वाटायचं, दांड्या चोराशी बोलल्या. त्या तर तुझ्याशी बोलत होत्या."

"हो. आणि मी बहिरी झाले."

"आणि मी मुकी." तिनं सासूला हाताला धरून उठवलं. "चल, आत चल. पाय पुसून."

छुसॉकच्या आधी आमच्याकडे सगळं कूळ जमून पूर्वजांच्या थडग्यांवरचं गवत कापतं. न गेलेल्याचं नाव वर्षभर निघतं. मावशीला आईवडिलांच्या थडग्यांवर जायचं होतं आणि एक रात्र माहेरी राहायचं होतं. नवीन कापडं अंगणात पसरलेली, रंग नुकता चढायला लागलेला. मलाही त्या बाजूला काम होतं, म्हणून तिला न्यायला गेले तर ती खांबांपाशी उभी होती. एक दांडी लावली. दुसरी लावली. तिसरी हातात धरून तशीच राहिली. मी मदत करायला गेले तर म्हणाली, "नको. मलाच लावू दे." तिनं दांडी भोकात सरकवली आणि मागे न बघता बसच्या रस्त्याला लागली. समोरच्या अंगणात माझी सासू जाळं झटकत होती, तिनंही मान वर केली नाही. मात्र त्या दिवशी समुद्र आरशासारखा होता आणि ती बुडी मारायला गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी परतलो. गल्लीच्या वळणावर मावशीची चाल मंदावली. दांड्या तिन्ही वर होत्या. त्यांच्यापलीकडे अंगण, आणि अंगणात कापडं, कडा ताणून, दगड ठेवून नीट पसरलेली. नुकतंच पाणी मारलं असावं, कारण सगळा रंग ओला, गडद दिसत होता. वारा फटींतून येत होता आणि कापडं हलकेच वरखाली होत होती.

ओसरीवर माझी सासू झोपली होती. हातात झारी तशीच. चिखलाचे पाय बाहेर लोंबकळत ठेवलेले, लाकडाला कुठे डाग लागू नये म्हणून, आणि बाकीचं अंग वेडंवाकडं आत. तोंड उघडं.

मावशी दांड्यांखालून वाकून आत गेली. चपला खाली काढल्या. ओसरीवर चढली आणि सासूच्या शेजारी, त्याच जमिनीवर, आडवी झाली. फळी करकरली.

सासू दचकली. डोळे मिटलेलेच. "कोण आहे?"

"मीच गं," मावशी म्हणाली. "झोप तू."

सासू कूस बदलून घोरायला लागली. मी खांबांपाशी उभी राहून वाट बघत होते, मावशी उठेल, पिशवी उघडेल, मुलाला काय कळवायचं ते सांगेल. ती उठली नाही. थोड्या वेळानं तिचाही श्वास लांब झाला, कापडांच्या लयीत आला.

मी तिन्ही दांड्या आवाज न करता एकेक करून खाली ठेवल्या आणि मुलाला कळवायला गेले, की सणाला ये, जेवून जा.