काही तक्रार नाही

माझ्या वडिलांना जगातल्या प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ते बंद पाडायचं काम मी केलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणाला माझी दया यायला नको.

आई गेली आणि मी बाबांना नागपूरहून बंगळुरूला घेऊन आले, बनशंकरीतल्या माझ्या भाड्याच्या फ्लॅटवर. मी इथे अकरा वर्षं आयटीत आहे, एकटी राहते. बाबा दोन बॅगा आणि तोंडभर मतं घेऊन आले. सकाळी सातला मराठी चॅनेलवरचा तो कार्यक्रम लागला की सुरू! ज्योतिषीबुवा राशी सांगायचे. "मेषेला लाभ, वृषभेला लाभ, मिथुनलाही लाभ. मग तोटा काय मी एकट्यानंच करायचा?" त्यानंतर एक हसरी बाई ओट्सचं थालीपीठ करून दाखवायची. "काहून बापा? थालीपिठानं काय बिघडवलं होतं हिचं?" मी आत लॅपटॉप उघडून बसलेली, आणि मीटिंगमधले लोक विचारायचे, घरी कोणी भांडतंय का?

पिक्चरला नेलं तर तिथेही तेच. "हिरो कारकून आहे म्हणते, अन् घरात हा एवढा जिना? कोणतं खातं आहे बे हे? मी बत्तीस वर्षं कारकुनी केली, मले तर स्टूल घेणं झालं नाही." पुढच्या रांगेतले लोक वळून बघायचे. आई असती तर "गप बसा हो, ऐकू द्या" म्हणाली असती, आणि घरी येऊन जेवण होईपर्यंत दोघं त्या जिन्यावरून भांडले असते. त्यांचा संसार असाच चालायचा. मला लहानपणापासून त्याची कटकट वाटायची.

नागपुरात आमच्या कोपऱ्यावर तर्री-पोह्यांचा ठेला होता. बाबा एक घास घ्यायचे आणि सांगायचे, "आज चणे कच्चे राहिले." ठेलेवाला दुसऱ्या दिवशी पहिली प्लेट त्यांच्यापुढे धरून विचारायचा, "आता सांगा काका." तिथे त्यांच्या मताला किंमत होती. इथे सांबारात गूळ घालतात यावर ते पहिले तीन महिने बोलत होते, आणि ऐकायला फक्त मी होते.

मग तो रविवार. माझ्या मॅनेजरनं टीमला घरच्या माणसांसकट एका मोठ्या हॉटेलात नाश्त्याला बोलावलं. बाबांनी काउंटरवरच्या आचाऱ्याला गाठलं. "भाईसाब, ये उपमा किसने बनाया? पानी गिनके डालते क्या?" आचारी कसनुसं हसला. टेबलावर मॅनेजर कुठल्याशा नव्या पिक्चरचं कौतुक करत होता, पाचदा पाहिला म्हणत होता. बाबा म्हणाले, "पाच बार? कोई सजा थी क्या?" मॅनेजर मोठ्यानं हसला आणि म्हणाला, अंकल बहुत ऑनेस्ट हैं. बाकीचे आपापल्या प्लेटमध्ये बघत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाडीत बसल्याबरोबर माझा स्फोट झाला. "कोणी विचारलं होतं तुम्हाला? इथे कोण ओळखतं तुम्हाला? सकाळी उठल्यापासून टीव्ही असा, पिक्चर तसा, सांबार गोड, उपमा कोरडा! आईनं चाळीस वर्षं ऐकून घेतलं, तिला इलाज नव्हता. मी नाही ऐकणार."

बाबा खिडकीतून बाहेर बघत राहिले. घर आलं तेव्हा म्हणाले, "सरी." हा शब्द त्यांनी रिक्षावाल्यांकडून उचलला होता. बरं, ठीक आहे, एवढाच त्याचा अर्थ.

त्या दिवसापासून घर शांत झालं. पहिले आठ दिवस, खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. मीटिंगा सुरळीत झाल्या. ज्योतिषीबुवा बाराही राशींना लाभ वाटत होते आणि बाबा हातात कप धरून नुसते बघत होते. नवव्या दिवशी मीच म्हटलं, "आज तर काय, नाचणीचा पिझ्झा आहे!" बाबा म्हणाले, "छान आहे."

मग मला भीती वाटायला लागली. साधा मार्ग होता. समोर बसायचं आणि म्हणायचं, बाबा, चुकलं माझं. पण मी त्यांचीच मुलगी, माझी जीभ चिरायला तेवढी चालते. मी दुसरेच उद्योग केले. ऑफिसात सगळ्यांनी ज्याला शिव्या घातल्या होत्या तो पिक्चर शोधून त्याची तिकिटं काढली. हिरॉइन दोनदा मरून परत आली. मध्यंतरात अर्धं थिएटर उठून गेलं. मी आशेनं बाबांकडे बघत होते. "कसा वाटला?"

"छान आहे. एसी चांगला होता."

एका रविवारी त्यांना घराजवळच्या उभ्यानं खायच्या दर्शिनीत नेलं. तिथलं सांबार सगळ्यांत गोड, म्हणून मुद्दाम. बाबांनी इडली चटणीत बुडवून शांतपणे खाल्ली. मी एक घास घेतला आणि थुंकला. चटणी चक्क आंबली होती.

"बाबा, अहो टाका ते! आंबलीय चटणी!"

"छान आहे," बाबा म्हणाले. "काही तक्रार नाही." आणि त्यांनी वाटी पुसून खाल्ली. माझ्याकडे बघतही नव्हते. हे माझ्यावर उगवलेला सूड आहे की त्यांनी खरोखर माझं ऐकलंय, मला अजून कळलेलं नाही. दोन दिवस त्यांचं पोट बिघडलं होतं. विचारलं तर म्हणाले, काही नाही.

गेल्या मंगळवारी मी ऑफिसला निघाले, लिफ्टनं खाली गेले, आणि आयडी कार्ड विसरलं म्हणून परत वर आले. किल्लीनं दार उघडलं. बाबा बाल्कनीत फोनवर होते, पाठ माझ्याकडे. पलीकडे त्यांचा नागपूरचा ऑफिसमधला जुना मित्र, आणि फोन स्पीकरवर.

"अन् ते पोट्टी मरते ना, पुन्हा जिवंत! पुन्हा मरते! मी म्हटलं, बाई, एकदा काय ते ठरव!" बाबा बोलत होते. खणखणीत आवाज, हात हवेत. "अन् इथलं सांबार म्हणजे पाक आहे, पाक! त्यात जिलबी सोडा. अन् टीव्हीवर नाचणीचा पिझ्झा, हाव न, खरंच सांगून राहिलो!" मित्र पलीकडे खोकेपर्यंत हसत होता.

मी बूट न काढता उभी. सगळं होतं. एक पिक्चर, एक घास सुटला नव्हता. माझ्यासाठीच काही शिल्लक नव्हतं. वाटलं, आत्ता जावं, शेजारी बसावं, म्हणावं की मलाही सांगा ना हो. पाऊल उचललंही.

तेवढ्यात पलीकडून मित्रानं विचारलं, "अन् पोरगी कशी आहे रे? नीट पाहते ना तुले?"

बाबांचा हात खाली आला.

"पोरगी? छान आहे. काही तक्रार नाही."